द्रुत हृद्गतीचा ईसीजी : धोका कसा ओळखावा?

आयुर्वेदाने हृदयाला त्रिमर्मांत स्थान दिले आहे आणि सुश्रुताचार्यांनी त्याची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे. या वर्णनाचा प्रत्यय हृदयाच्या गतीत अकस्मात होणाऱ्या बिघाडात जितका येतो तितका क्वचितच अन्यत्र येत असेल. ‘छातीत धडधडते’ ही तक्रार प्रत्येक चिकित्सालयात नित्याची आहे. बहुसंख्य रुग्णांत तिचे कारण ज्वर, पांडू, चिंता, निद्रानाश किंवा थायरॉइड ग्रंथीचा विकार असे काही असते. थोड्या रुग्णांत मात्र ही धडधड निलयातून उठलेली असते आणि काही मिनिटांत प्राण हरण करू शकते. अडचण अशी की, दोन्ही प्रकारचे रुग्ण आपली व्यथा एकाच शब्दांत सांगतात.

हा भेद स्पष्ट करणारे सर्वांत सुलभ साधन म्हणजे ईसीजी. आज हे यंत्र लहान गावांतील चिकित्सालयांतही पोहोचले आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेत अनेक आयुर्वेद पदवीधर प्रत्यक्ष काम करीत आहेत. त्यामुळे द्रुत गतीचा आलेख वाचणे हा विषय आता केवळ हृद्रोगतज्ज्ञांचा राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात या आलेखाचे वाचन कोणत्या क्रमाने करावे, धोक्याची चिन्हे कोणती आणि आपण दिलेली किंवा विकलेली औषधेच त्यामागे कशी असू शकतात, याचा विचार केला आहे.

नाडीची मर्यादा व आलेखाचे कार्य

नाडीपरीक्षेतून गती, नियमितता आणि बल यांचे ज्ञान होते. या तिन्ही गोष्टी मोलाच्याच आहेत. नाडी पूर्णतः अनियमित असेल आणि स्टेथोस्कोपने मोजलेले हृदयाचे ठोके मनगटावरील ठोक्यांहून अधिक भरत असतील, तर एट्रियल फिब्रिलेशनचा संशय अंगुलिस्पर्शानेच घेता येतो. परंतु दर मिनिटास १७० गतीची नियमित, क्षीण नाडी अलिंदातून आलेल्या आवेगाची आहे की निलयातून आलेल्या, हे नाडी सांगू शकत नाही. ते आलेख सांगतो.

सामान्य स्थितीत आवेग अलिंदातून ए-व्ही नोडमार्गे खाली येतो आणि हिस-पर्किंजे तंतूंच्या जलद मार्गाने दोन्ही निलयांत जवळजवळ एकाच वेळी पसरतो. म्हणून क्यूआरएस लहर अरुंद उमटते. आवेग निलयाच्या स्नायूतच उत्पन्न झाला, तर त्याला या राजमार्गाचा लाभ मिळत नाही. तो स्नायूतंतूंमधून संथपणे सरकतो आणि क्यूआरएस रुंद होते. द्रुत गतीच्या आलेखाचे सारे वाचन या एका तत्त्वावर उभे आहे.

पट्टी हाती घेतल्यावर चार प्रश्न

ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यामुळे एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद व एक मोठा चौकोन म्हणजे ०.२० सेकंद. यंत्रावरील वेगाची नोंद आधी पाहावी. ५० मिलिमीटर वेगाने काढलेल्या पट्टीत सर्व लहरी दुप्पट रुंद दिसतात व फसगत होते. त्यानंतर पुढील चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

१) गती किती? दोन आर लहरींमधील मोठे चौकोन मोजून त्या संख्येने ३०० ला भागावे. दोन चौकोन असतील तर गती १५०. ठोके अनियमित असतील तर ३० मोठ्या चौकोनांतील, म्हणजे ६ सेकंदांतील, क्यूआरएस मोजून १० ने गुणावे.

२) क्यूआरएस अरुंद की रुंद? तीन लहान चौकोनांहून कमी, म्हणजे ०.१२ सेकंदांहून कमी असेल तर अरुंद. तीन किंवा अधिक असतील तर रुंद. बाराही लीड पाहून जेथे ती सर्वांत रुंद दिसते तेथे मोजावी. एकाच लीडवर विसंबू नये.

३) नियमित की अनियमित? कागदाच्या कडेवर दोन-तीन आर लहरींच्या खुणा कराव्यात आणि तो कागद पुढे सरकवून पडताळावे.

४) पी लहर आहे काय आणि तिचा क्यूआरएसशी संबंध काय?

यांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. लहर रुंद दिसताच पुढचे वाचन अधिक सावधपणे करावयाचे असते.

अरुंद क्यूआरएस

अरुंद लहरींची द्रुत गती बहुधा तात्काळ प्राणघातक नसते. सायनस टॅकिकार्डियात प्रत्येक क्यूआरएसपूर्वी नेहमीची पी लहर दिसते आणि गती हळूहळू वाढते व हळूहळू उतरते. येथे गतीवर नव्हे तर कारणावर उपचार करावा : ज्वर, रक्तस्राव, जलक्षय, पांडू, फुप्फुसातील रक्ताची गुठळी. सुमारे १५० ते २२० गतीची, अकस्मात सुरू होऊन अकस्मात थांबणारी, पी लहर न दिसणारी नियमित गती ही बहुधा एसव्हीटी असते. अशा काही रुग्णांत मानेच्या शिरा प्रत्येक ठोक्यागणिक नियमितपणे उसळताना दिसतात. आधुनिक ग्रंथांत याला ‘बेडूक चिन्ह’ म्हणतात. नाडीच्या मंडूकगतीशी त्याचा संबंध जोडू नये. गती नेमकी १५० च्या आसपास स्थिर असेल, तर लीड २, ३ व एव्हीएफमध्ये करवतीच्या दात्यांसारख्या लहरी शोधाव्यात. ते एट्रियल फ्लटर असू शकते. पी लहर नसून ठोक्यांत कोणताही क्रम नसेल तर ते एट्रियल फिब्रिलेशन होय.

रुंद आणि नियमित : व्ही.टी. मानूनच चालावे

रुंद क्यूआरएसची नियमित द्रुत गती ही अन्यथा सिद्ध होईपर्यंत व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, अर्थात व्ही.टी., मानावी. या लेखातून एकच वाक्य स्मरणात ठेवावयाचे असेल तर ते हे. अशा आलेखांपैकी बहुसंख्य आलेख प्रत्यक्षात व्ही.टी.चेच असतात. रुग्णाला पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर ही शक्यता ९० टक्क्यांहून अधिक होते. बंडल ब्रँच ब्लॉक असलेल्या रुग्णाला एसव्हीटी झाल्यासही लहर रुंद दिसू शकते हे खरे. परंतु व्ही.टी. समजून एसव्हीटीचा उपचार केल्यास फारसे नुकसान होत नाही. एसव्हीटी समजून व्ही.टी.च्या रुग्णाला शिरेतून व्हेरापामिल दिल्यास रक्तदाब कोसळून मृत्यू ओढवू शकतो.

येथे एका समजुतीचे निराकरण आवश्यक आहे. ‘रुग्ण चालत आला, बोलतो आहे, रक्तदाबही बरा आहे, तेव्हा हे व्ही.टी. नसणार’ असा तर्क अनेकदा केला जातो. तो चुकीचा आहे. निलयाची शक्ती शाबूत असलेला रुग्ण व्ही.टी.तही काही तास तग धरू शकतो. स्थिर रक्तदाबावरून रुग्णाजवळ थोडा अवधी आहे एवढेच कळते. गतीचा उगम कळत नाही.

व्ही.टी.च्या बाजूने निर्णायक पुरावा देणारी चिन्हे अशी :

पहिले चिन्ह म्हणजे अलिंद व निलय यांची फारकत. रुंद क्यूआरएसच्या रांगेत, त्यांच्याशी संबंध न ठेवता, मंद गतीने स्वतंत्रपणे चालणाऱ्या पी लहरी दिसतात. याच फारकतीची चिन्हे देहावरही उमटतात. मानेच्या शिरेत मधूनच, अनियमितपणे एखादी मोठी उसळी दिसते आणि हृदयाचा पहिला ध्वनी कधी मोठा तर कधी लहान ऐकू येतो. दर्शन व स्पर्शन यांची सवय असलेल्या वैद्याला ही चिन्हे अवघड नाहीत.

दुसरे चिन्ह म्हणजे मधूनच येणारी एखादी अरुंद, स्वाभाविक दिसणारी लहर किंवा अरुंद व रुंद यांचे मिश्रण वाटणारी लहर. वरून आलेला आवेग क्षणभर निलयाचा ताबा घेतो तेव्हा ती उमटते. ती दिसल्यास व्ही.टी.विषयी संशय उरत नाही.

तिसरे चिन्ह छातीवरील लीडमध्ये पाहावे. व्ही-१ ते व्ही-६ या सर्व लीडमध्ये क्यूआरएस एकाच दिशेने, सर्व वर किंवा सर्व खाली, असतील तर ते व्ही.टी.चे द्योतक असते. या सहांपैकी एकाही लीडमध्ये आर व एस अशी जोडलहर नसेल, अथवा आरच्या आरंभापासून एसच्या तळापर्यंतचे अंतर अडीच लहान चौकोनांहून अधिक असेल, तरीही निदान व्ही.टी.कडे झुकते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रुगाडा निकषांच्या पहिल्या दोन पायऱ्या याच आहेत. एव्हीआर लीडमधील क्यूआरएस सामान्यतः खाली जाते. ती आरंभीच उंच आर लहरीने वर गेल्यास तेही व्ही.टी.चे सूचक होय.

ही चिन्हे आढळली तर निदान पक्के होते. न आढळल्यास व्ही.टी. नाही असे मात्र सिद्ध होत नाही. निकषांच्या चर्चेत वेळ दवडण्यापेक्षा मूळ नियमाकडे परतावे.

रुंद आणि अनियमित : तीन घातक आलेख

पहिला आलेख वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट रुग्णातील एट्रियल फिब्रिलेशनचा. १९३० मध्ये वर्णिलेल्या या विकारात अलिंद व निलय यांना जोडणारा एक जास्तीचा मार्ग जन्मतः असतो. फिब्रिलेशनचे आवेग या मार्गाने अडथळ्याविना खाली धावतात. २०० हून अधिक गती, पूर्ण अनियमितता आणि ठोक्याठोक्याला बदलणारी क्यूआरएसची रुंदी हे तीन विशेष एकत्र दिसले की हे निदान करावे. येथे व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन व ॲडेनोसिन ही ए-व्ही नोड रोखणारी औषधे वर्ज्य आहेत. त्यांच्यामुळे रुग्ण थेट व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये जाऊ शकतो.

दुसरा आलेख टॉर्सादचा. फ्रेंच वैद्य देसर्तेन यांनी १९६६ मध्ये त्याचे वर्णन केले. क्यूआरएसची टोके आधाररेषेभोवती पीळ घातल्याप्रमाणे क्रमाने वर व खाली वळत जातात. त्यांची उंची वाढते, घटते, पुन्हा वाढते. हा झटका अनेकदा आपोआप थांबतो आणि रुग्णाला केवळ ‘चक्कर आली’ एवढेच स्मरते. म्हणून मूर्च्छेच्या प्रत्येक रुग्णात झटका नसतानाच्या आलेखातील क्यूटी अंतर मोजावे. क्यूआरएसच्या आरंभापासून टी लहरीच्या अंतापर्यंतचे हे अंतर गतीनुसार बदलते, म्हणून १९२० मधील बॅझेट सूत्राने, म्हणजे आर-आर अंतराच्या वर्गमुळाने भागून, ते दुरुस्त करतात. उदाहरणार्थ, क्यूटी १० लहान चौकोन, म्हणजे ०.४० सेकंद, वरवर निर्दोष वाटते. परंतु आर-आर अंतर १५ लहान चौकोन, म्हणजे ०.६० सेकंद असेल, तर दुरुस्त क्यूटी सुमारे ०.५२ सेकंद भरते. जलद गतीत हे सूत्र थोडे अधिक मूल्य दाखवते हे ध्यानात घेऊनही, ०.५० सेकंदांपुढील क्यूटी ही धोक्याची सूचना मानावी.

तिसरा आलेख व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनचा : पी नाही, क्यूआरएस नाही, केवळ आकारहीन थरथर. हा रुग्ण नाडीहीन व बेशुद्धच असतो. आलेख असा दिसत असून रुग्ण शांतपणे बोलत असेल, तर दोष ताराजोडणीचा, थंडीने भरलेल्या कापऱ्याचा किंवा कंपवाताचा असतो. दात घासताना किंवा अंग खाजविताना काढलेल्या पट्टीतही व्ही.टी.चा आभास होतो. अशा वेळी खऱ्या क्यूआरएसची टोके त्या थरथरीत नियमित अंतरावर डोकावताना आढळतात. यंत्राने आपोआप छापलेल्या निदानावरही अशा ठिकाणी विसंबू नये.

आपल्याच फडताळातील कारणे

आलेख वाचताना ‘असे का झाले?’ हा प्रश्न लगेच उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर कधीकधी आपल्याच फडताळात सापडते. औषधनिर्माते आणि औषधालयचालक यांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा.

वत्सनाभ : त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, मृत्युंजय अशा नित्य वापरातील रसकल्पांत वत्सनाभ असतो. त्यातील ॲकोनिटिन हे द्रव्य हृदयपेशींच्या सोडियम-मार्गांना चिकटून ते उघडेच ठेवते. पेशी पुन्हापुन्हा उत्तेजित होतात आणि निलयातून अनियंत्रित आवेग सुटू लागतात. शोधनातील दीर्घ स्वेदनाने ॲकोनिटिनचे विघटन होऊन पुष्कळच कमी विषारी द्रव्ये बनतात. म्हणजे शोधन हा केवळ परंपरेचा उपचार नसून रुग्णाच्या प्राणरक्षणाची पायरी आहे आणि ती उरकून टाकण्याची बाब नव्हे. अपुरे शोधन, मात्रेतील प्रमाद किंवा रुग्णाने परस्पर वाढवलेल्या गोळ्या यांतून विषबाधा होते. ओठ व जिभेवर मुंग्या, हातपाय बधिर होणे, वमन, रक्तदाब उतरणे ही लक्षणे काही मिनिटांपासून एक-दोन तासांत दिसू लागतात. आलेखात निलयातून उठलेले वारंवार ठोके, व्ही.टी. आणि क्वचित एक विलक्षण चित्र दिसते : प्रत्येक रुंद क्यूआरएस आळीपाळीने एकदा वर व एकदा खाली. या द्विदिश व्ही.टी.ची मोजकीच कारणे आहेत. त्यांत डिगॉक्सिनची विषबाधा, वत्सनाभ आणि एक आनुवंशिक विकार प्रमुख होत. असा आलेख दिसताच ‘कोणते औषध, केव्हा, किती घेतले?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ही गती विद्युत्-आघातालाही अनेकदा दाद देत नाही. म्हणून रुग्णास अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच पाठवावे आणि औषधाची डबी बरोबर द्यावी.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. वत्सनाभ शेड्यूल ई-१ मध्ये समाविष्ट असून, अशी द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असणे औषध नियमांनुसार बंधनकारक आहे. सर्दी-तापाची साधी गोळी म्हणून त्रिभुवनकीर्ती हातोहात देणाऱ्या विक्रेत्याने ती सूचना स्वतः एकदा वाचावी.

कण्हेर : पिवळ्या कण्हेरीच्या बियांत डिगॉक्सिनसदृश ग्लायकोसाइड असतात. विषबाधेत गती प्रथम मंद होणे व ए-व्ही ब्लॉक हे अधिक आढळते. परंतु त्यावरून पुढे व्ही.टी. उद्भवू शकते. म्हणून गती मंद आहे एवढ्यावरून निर्धास्त राहू नये.

पोटॅशियमची उणीव : वमन-विरेचनाच्या अतियोगाचे वर्णन ग्रंथकारांनी केलेच आहे. अतियोगात जलाबरोबर पोटॅशियमही बाहेर जाते. रुग्ण रक्तदाबासाठी मूत्रल गोळी घेत असेल, तर ही उणीव अधिकच वाढते. ज्येष्ठमधाचा दीर्घकाळ, मोठ्या मात्रेत वापरही पोटॅशियम घटवतो. आलेखात टी लहर चपटी होते, तिच्यामागे यू लहर उठते आणि निलयातील ठोके सुरू होतात. रुग्ण डिगॉक्सिन घेत असल्यास धोका अनेक पटींनी वाढतो. मूत्रल औषधे घेणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या अथवा हृद्रोगी रुग्णात शोधनकर्मापूर्वी ईसीजी व रक्तातील पोटॅशियम तपासून घेणे श्रेयस्कर.

याउलट, वृक्कविकारात पोटॅशियम वाढते. तेव्हा टी लहर प्रथम टोकदार होते. पुढे क्यूआरएस इतकी रुंदावते की आलेख लाटांसारखा दिसतो. अतिशय रुंद व तुलनेने मंद ‘व्ही.टी.’ दिसल्यास वृक्कांची चौकशी अवश्य करावी.

क्यूटी वाढवणारी औषधे : ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, डोम्पेरिडोन, ऑन्डान्सेट्रॉन, हॅलोपेरिडॉल, क्लोरोक्विन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही त्यांतील परिचित नावे. २०२० मध्ये कोविडकाळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व ॲझिथ्रोमायसिन यांच्या एकत्रित वापराविषयी याच कारणास्तव सावधगिरीचे इशारे दिले गेले. सोमल व त्याच्या संयुगांमुळेही क्यूटी वाढते. हरताल, मनःशिला यांचे कल्प वापरताना हे स्मरणात असावे. यांपैकी एकेक औषध बहुतेकांना बाधत नाही. परंतु अतिसाराने पोटॅशियम गमावलेल्या वृद्धेला एकाने ॲझिथ्रोमायसिन, दुसऱ्याने ओकारीसाठी डोम्पेरिडोन आणि तिसऱ्याने आणखी काही दिले की टॉर्साद उद्भवण्यास अनुकूल भूमी तयार होते. तिन्ही औषधे ज्याच्या हातून जातात तो औषधविक्रेता ही साखळी तोडू शकतो.

तत्काल कर्तव्य

आलेखापूर्वी रुग्णाकडे पाहावे. तो प्रतिसाद देत नसेल, श्वास नसेल किंवा केवळ आचके येत असतील आणि मानेची नाडी लागत नसेल, तर आलेखाची वाट पाहू नये. १०८ ला कळवून छातीवर दाब देण्यास आरंभ करावा : मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर ३० दाबांमागे २ श्वास. डिफिब्रिलेटर उपलब्ध होताच वापरावा. यात जाणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता घटवते.

नाडी आहे, परंतु रक्तदाब उतरलेला, शुद्धी हरपत चाललेली, छातीत वेदना किंवा धाप आहे, अशा द्रुत गतीच्या रुग्णाला लहरीशी जुळवलेल्या विद्युत्-आघाताची गरज असते. त्याला आडवे ठेवून प्राणवायू द्यावा, शिरेचा मार्ग खुला ठेवावा आणि सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णवाहिकेनेच पाठवावे. दुचाकीवर किंवा रिक्षात कदापि नाही.

रुग्ण स्थिर व लहर रुंद असेल तर बारा लीडचा आलेख काढून तो रुग्णाबरोबर द्यावा. एकदा गती पूर्ववत झाली की पुढील तज्ज्ञाकडे निदानाचा तोच एक पुरावा उरतो. लहर अरुंद, नियमित व रुग्ण स्थिर असेल, तर सुधारित वल्साल्वा क्रिया करून पाहावी. रुग्णाला अर्धवट बसवून १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये, दट्ट्या हलेल इतक्या जोराने, १५ सेकंद फुंकावयास सांगावे. लगेच उताणे निजवून दोन्ही पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरावेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने १७ टक्के रुग्णांची गती पूर्ववत झाली. ही क्रिया चालू असताना ईसीजीची पट्टी सलग चालू ठेवावी.

वरील चार प्रश्न एका कागदावर लिहून ईसीजी यंत्राशेजारी लावून ठेवावेत आणि आलेख निर्दोष असला तरी प्रत्येक वेळी त्याच क्रमाने वाचावा. शेकडो निर्दोष आलेख वाचून जडलेली ही सवय एखाद्या दिवशी येणाऱ्या रुंद लहरींच्या रुग्णासाठी उपयोगी पडते. रुग्णाच्या औषधांची यादी आलेखासोबत तपासणे हाही त्याच सवयीचा भाग असावा.